तुरळक ठिकाणी नावडे

नावड्यावर पडणारा पाऊस नेमका कोणाचा, हा प्रश्न अजून कुठल्याही सभागृहात कोणी विचारलेला नाही. विचारायला हवा. आमचा पत्ता नवी मुंबईचा, जिल्हा रायगड, तालुका पनवेल. महापालिका पनवेलची, तीही २०१६ साली जन्मलेली. भूखंड सिडकोचे, कारखाने एमआयडीसीचे, नावडे रोड स्टेशन मध्य रेल्वेचं, आणि फाट्यावर अडकलेला कंटेनर उरणच्या बंदराकडे निघालेला. एवढे धनी असूनही त्यांच्यापैकी एकानेही आमच्या पावसावर हक्क सांगितलेला नाही. परिणामी दर पावसाळ्यात आम्हाला दोन-दोन अंदाज लागू होतात आणि दोन्ही लागू पडत नाहीत.

टीव्हीवरची बाई म्हणते, ‘मुंबई आणि उपनगरांत मुसळधार’. आम्ही खिडकीतून बाहेर बघतो. मग ती म्हणते, ‘रायगडला रेड अलर्ट’. आम्ही पुन्हा बाहेर बघतो. पहिल्या वेळी आपण उपनगर आहोत की नाही याची शंका असते आणि दुसऱ्या वेळी आपण रायगड आहोत याचं विस्मरण झालेलं असतं. रायगड म्हणजे काही मोहल्ला नव्हे. उरणच्या खाडीपासून पोलादपूरच्या घाटापर्यंत पंधरा तालुके आहेत, आणि त्यांतच माथेरान आहे, जिथे जुलैत ढग मुक्कामालाच असतात. जिल्ह्याला दिलेला लाल इशारा माथेरानने एकट्याने पुरा केला, तरी जिल्हा पास. नावड्याला त्या दिवशी भुरभुर. आमचा वाटा आमच्या नावावर दुसराच कोणी भिजून गेलेला असतो.

त्यात आता मेट्रो आली. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी गाडी धावते. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पेंधर रायगडमध्ये. माणूस बेलापूरला ऑरेंज अलर्टमध्ये बसतो आणि आमच्या बाजूला रेड अलर्टमध्ये उतरतो. तिकिटाच्या दरात याची काही तरतूद केलेली दिसत नाही.

फोनमध्ये मात्र नावडे स्वतंत्र आहे. ॲप उघडलं की ठसठशीत अक्षरांत ‘नावडे’ लिहून येतं आणि खाली सात दिवसांची सात चित्रं. ढग, ढगातून तीन थेंब, ढगातून वीज, ढगाआडून सूर्य. आपल्या गावाचं नाव एवढ्या विश्वासाने लिहिलेलं पाहून ऊर भरून येतो. सिडकोच्या पाट्यासुद्धा त्याचं स्पेलिंग कधी ‘नावडे’ तर कधी ‘नवडे’ वाटेल असं लिहितात. पण या चित्रांच्या मागे नावड्यात बसून आकाशाकडे पाहणारा कोणीही नसतो. सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचं गणित सोडवायचं आणि त्यातून जवळपासचं उत्तर आपल्या नावावर लिहायचं, असा तो प्रकार आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकोनावर चालते. त्याआधीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते. सहा किलोमीटरच्या चौकोनात नावडे, रोडपाली, कळंबोली आणि तळोज्याचे बरेचसे कारखाने सहज मावतात. आमच्या गच्चीवर दोरीच्या एका टोकाचा टॉवेल वाळतो आणि दुसऱ्या टोकाचा भिजतो, तिथे हा चौकोन काय करणार?

ही नवी यंत्रणा राष्ट्राला अर्पण झाली ती तारीख २६ मे २०२५. त्याच दिवशी मान्सून मुंबईत येऊन दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. सोळा दिवस आधी! उद्‌घाटनाला यायचं तर वेळेवर यावं हे त्याला कोणी तरी सांगितलं असावं, फक्त महिना सांगायचा राहिला. मे महिना आमच्याकडे पावसाचा नसून वाळवणाचा असतो. गच्च्यांवर कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, गव्हाची शेवई आणि बाजूच्या गावठाणात सुकट, बोंबील, वाकट्या. त्या आठवड्यात कुरडया आणि बोंबील एकाच जिन्यात आले. शाकाहारी आणि मांसाहारी यांच्यातला सामाजिक सलोखा इतका जवळून मी पूर्वी पाहिला नव्हता.

अंदाज चुकला की आपण हवामान खात्याला नावं ठेवतो. पण खात्याची भाषा एकदा नीट वाचली की आदरच वाटू लागतो. विभागात जेवढी पर्जन्यमापक केंद्रं असतील, त्यांतल्या चौथाई केंद्रांपर्यंत पाऊस होणार असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. निम्म्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’. पाऊण हिश्श्यापर्यंत ‘अनेक ठिकाणी’, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. आता ‘कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार’ असं सांगितलं आणि तुमच्याकडे थेंब पडला नाही, तर खातं बरोबर. तुमच्याकडे गुडघाभर पाणी साचलं, तरी खातं बरोबर. असा मसुदा वकिलाला दाखवला तर तो फी न घेता, नमस्कार करून परत देईल. शिवाय मापंही ठरलेली. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की ‘जोरदार’, ११५.६ झाला की ‘अति जोरदार’, २०४.४ ओलांडला की ‘अत्यंत जोरदार’. चौसष्ट मिलिमीटरला जोरदार म्हणत नाहीत. तो उरलेला अर्धा मिलिमीटर कुठल्या कोपऱ्यात पडतो ते मला एकदा बघायचंय.

पण खरी गंमत साडेआठची. हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री संपत नाही. तो सकाळी साडेआठला संपतो. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघायचा, आधीच्या चोवीस तासांचा पाऊस लिहायचा आणि नवीन दिवस चालू करायचा, अशी रीत आहे. अंदाजही तसाच: सोमवारचा इशारा मंगळवारी सकाळी साडेआठपर्यंत वैध. आता बघा. सोमवारी रेड अलर्ट म्हणून जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात. सोमवारी लख्ख ऊन पडतं. मुलं दिवसभर क्रिकेट खेळतात, आईबाप खात्याच्या नावाने बोटं मोडतात. मंगळवारी सकाळी सात वाजता, म्हणजे मुलं रेनकोट घालून स्कूलबसची वाट पाहत असताना, सोमवारचा पाऊस येतो. खात्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरतो. तो खरा ठरताना नेमकं कोणाचं दप्तर भिजलं, याची नोंद पर्जन्यमापकात होत नाही.

सुट्टीचा अंदाज वर्तवणं हे हवामानशास्त्राचंच अंग आहे आणि त्यातले तज्ज्ञ पाचवी ते आठवीच्या वर्गांत आढळतात. रात्री नऊला पाऊस वाढला की ते गृहपाठाची वही मिटतात. दहाला सोसायटीच्या ग्रुपवर एक पत्र फिरतं, ज्यावर मागच्या वर्षीची तारीख असते. अकराला खरं पत्र येतं, पण ते ठाणे जिल्ह्याचं. बाबा ऐरोलीला नोकरीला, म्हणजे सुट्टी पडलीच तर बाबांच्या ऑफिसशेजारच्या शाळेला. रायगडचं पत्र सकाळी येतं. कधी कधी मूल शाळेच्या फाटकात पोचल्यावर येतं. आमच्या इमारतीतला एक आठवीतला मुलगा तर उपग्रहाच्या चित्रातले ढग बघून कुठल्या जिल्ह्याला आधी सुट्टी मिळेल ते सांगतो. भूगोलात त्याला बेताचेच गुण पडतात, कारण पेपरात हे विचारत नाहीत.

खात्याची बाजू घ्यायची तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या केंद्रात चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या केंद्रात ७३. एकच शहर, एकच दिवस, मध्ये वीसेक किलोमीटर. त्या दिवसाची आठवण काढून कोणी हसू नये, मीही हसत नाही. पण एका महानगरात ढग असा दुजाभाव करू शकतो, तर नावडे आणि कामोठे यांच्यात त्याने समान नागरी कायदा पाळावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. आणि हे गणित अवघड किती, तर इंग्लंडच्या लुइस फ्राय रिचर्डसनने पहिल्या महायुद्धात, रुग्णवाहिका चालवता चालवता, हाताने आकडेमोड करून पाहिली होती. सहा तासांचा अंदाज काढायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकलं. कागद मध्येच हरवले ते कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ मध्ये त्याने हे सगळं, चुकलेल्या उत्तरासकट, पुस्तकात छापलं. चुकलेला अंदाज स्वतःहून छापणारा माणूस त्यानंतर जन्मला असेल, तर तो आमच्या ग्रुपवर नाही.

खुद्द नावड्याची स्वतःची हवामान यंत्रणा म्हणाल, तर ती आहे, आणि ती नाकावर चालते. तळोज्याची औद्योगिक वसाहत आमच्या उत्तरेला-पूर्वेला पसरलेली. वारा समुद्राकडून आला की कारखान्यांचा दर्प पलीकडच्या गावांकडे जातो. त्या गावांची मनातल्या मनात क्षमा मागून आम्ही खोल श्वास घेतो. पावसाळाभर नैर्ऋत्येचा वारा असतो, त्यामुळे चार महिने आमची यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद. पण हिवाळ्यात रात्री जमीन समुद्राआधी थंड होते आणि वारा जमिनीकडून निघतो. गार हवा खाली बसते, वर उबदार थर, मध्ये आम्ही आणि दर्प. सकाळी गॅलरीचं दार उघडून एकच शब्द बोलला जातो: ‘आलाय.’ कोण, ते विचारायचं नसतं.

या नाकाचा उपयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतो. मुंबईच्या पट्ट्यात पारा कधी चढतो? पूर्वेचा जमिनीवरचा वारा जोर धरतो आणि समुद्रावरचा खारा वारा उशिरा, दुपार टळताना सुटतो, तेव्हा. एरवी खारा वारा अकरा-बाराच्या सुमारास येऊन तापलेली हवा ढकलून देतो. तेव्हा आमचा नियम सोपा: दर्प नाश्त्यापर्यंत गेला तर दिवस बरा, जेवायच्या वेळेपर्यंत रेंगाळला तर ऊन सोलून काढणार. यासाठी कुठलाही उपग्रह सोडावा लागला नाही. फोनमधलं ॲप त्या दिवशी ‘तापमान ३६, वाटतं ४१’ असं सांगतं. आम्हाला काय काय वाटतं ते त्यात निम्मंही येत नाही.

इशाऱ्यांच्या रंगांबद्दलही आमची एक भर आहे. खात्याकडे चार रंग: हिरवा, पिवळा, केशरी, लाल. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या वसाहतीत काही भटकी कुत्री निळी झाली. अक्षरशः निळी, कानापासून शेपटीपर्यंत. फोटो जगभर गेले. एका कारखान्यातल्या रंगाचा तो प्रताप निघाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली. त्या आठवड्यात परगावच्या नातेवाइकांचे जितके फोन आले तितके नंतर दिवाळीलाही आले नाहीत. प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं की आम्ही अजून मूळ रंगात आहोत का. पाचवा रंग म्हणून निळ्याचा विचार खात्याने करायला हरकत नाही. अर्थ लोकांना लगेच कळेल.

या आधुनिक साधनांवर विश्वास नसलेला एक मोठा पक्ष आमच्याकडे आहे आणि त्याचं मुखपत्र भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असतं. पंचांग बघणाऱ्यांना सात दिवसांच्या अंदाजाचं कौतुक नाही. त्यांच्याकडे सबंध पावसाळा वर्ष सुरू व्हायच्या आधीच छापून तयार असतो. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं आणि उरेल त्या बाकीवरून पावसाचं वाहन ठरवायचं. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले तर भरपूर. मोर, उंदीर, गाढव असेल तर मध्यम. कोल्हा, मेंढा म्हणजे नावापुरता. घोडा निघाला तर पाऊस डोंगरावर. आमच्या पूर्वेला माथेरान आणि प्रबळगड, पश्चिमेला खारघरचा डोंगर. घोडा त्यांच्यात दोन्हीकडे चरून येतो आणि मधल्या नावड्याला त्याच्या टापांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

तळमजल्यावरचे काका या पक्षाचे प्रवक्ते. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस यांतला फरक ते कट्ट्यावर समजावून देतात. मागे एका नक्षत्राला हत्ती असूनही आठवडा कोरडा गेला, तेव्हा कोणीतरी विचारलं, ‘काका, हत्ती कुठाय?’ काका शांतपणे म्हणाले, ‘नावडे फाट्यावर अडकलाय.’ फाट्यावरची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे उत्तर शास्त्रीय वाटेल.

मात्र पंचांगातलं एक गणित मी डोळे मिटून मानतो, ते भरतीचं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, पण चंद्र कधी ‘तुरळक ठिकाणी’ म्हणत नाही. आणि आमच्या भागात भरती कळणं पावसापेक्षा महत्त्वाचं. खाडीलगतची सखल जमीन भराव घालून वसवलेली, म्हणून सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव बांधले. भरतीला झडपा मिटायच्या, पावसाचं पाणी तलावात थांबवायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. उधाणाची भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले, तर पाणी कुठे जाणार? ते कळंबोलीच्या रस्त्यांवर विचारविनिमय करत थांबतं. नालेसफाई त्याआधी झालेली असतेच. गाळ काढून नाल्याच्या काठावरच ठेवतात, म्हणजे त्याला परत जायला लांब पडत नाही.

हे भरतीचं गणित मला शिकवलं मासळीवाल्या मावशीने. जून-जुलैत समुद्रातल्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा तिच्या टोपलीत खाडीची कोलंबी, चिंबोऱ्या आणि सुकी मासळी. एकदा ॲपवर ऐंशी टक्के पाऊस दिसत होता म्हणून मी तिला म्हटलं, ‘मावशी, आज लवकर घरी जा.’ तिने मान वर करून एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्या फोनकडे. ‘आज नाय परनार ताई. वारा बग कंचा हाय.’ नाही पडला. मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणाली, ‘मना टोपली उचलाय लागतं. तुला काय उचलाय लागतं?’

तिच्या शेजारी पोत्यावर बसून एक आदिवासी बाई मेअखेरीला शेवळं विकते. शेवळं बाजारात आली म्हणजे पाऊस उंबरठ्यावर, असा सगळ्या पनवेल तालुक्याचा समज आहे. वळवाच्या सरी, गडगडाट झाला की ही भाजी मातीतून डोकं काढते. ती खाजरी, म्हणून सोबत काकडं घ्यायची असतात. शेवळं घेताना शहरी माणूस ओळखू येतो: तो काकडं विसरतो आणि मग आठवडाभर मान्सूनबद्दल बोलत नाही, कारण बोलताच येत नाही.

आता या आठवड्याचं. ॲपवर सातही दिवस ढग आणि तीन थेंब. खात्याचं म्हणणं, कोकणात अनेक ठिकाणी मध्यम, तुरळक ठिकाणी जोरदार. काकांचं वाहन म्हैस. आठवीतल्या मुलाच्या मते बुधवारी ठाण्याला सुट्टी, आपल्याला नाही. नाक बंद. मावशी म्हणाली, आज-उद्या काही नाही, पण शनिवारच्या आत चढणार.

चढणार म्हणजे मासा. पहिला दणक्याचा पाऊस झाला की ओहोळांना पाणी सुटतं आणि अंड्यांनी भरलेली मासळी उलट दिशेने, प्रवाहाच्या विरुद्ध, शेतांकडे चढू लागते. याला वलगण म्हणतात. तळोज्याच्या बाजूला सिडकोच्या नजरेतून सुटलेली जी काही भातखाचरं अजून उरलीत, तिथे त्या रात्री बॅटऱ्या फिरतात. ज्या लोकांनी वर्षभरात एकदाही हवामानाचं ॲप उघडलेलं नसतं, ते बरोबर त्या रात्री पाग खांद्यावर टाकून हजर असतात. यांना कोण कळवतं, हा शोधाचा विषय आहे. मुंबई-पुण्याच्या वेधशाळांनी यांच्यापैकी एखाद्याला पगारावर ठेवायला हवं.

गुरुवारी रात्री कोसळला. खिडक्यांना फडकी लावून, गॅलरीतल्या कुंड्या आत ओढून आम्ही ग्रुपवर आकड्यांची वाट बघत बसलो. कोणी म्हणे साठ मिलिमीटर, कोणी म्हणे सव्वाशे, एकाने माथेरानचा आकडा टाकून वाहवा मिळवली. पहाटे जिन्यात गावठाणातला दूधवाला भेटला. गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हातात वेगळीच पिशवी. काकांनी दारातूनच विचारलं, ‘काय रे, किती झाला आपल्याकडे?’

त्याने पिशवी उचलून अंदाज घेतला. ‘तीन किलो असंल. सगली चिवनी.’